गडगडाटाची मिशी

समतोलरावांच्या दुकानावर त्यांच्या खऱ्या नावाची पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. गल्लीत सगळे त्यांना समतोलरावच म्हणत, आणि हे नाव त्यांनी तीस वर्षांच्या कष्टाने कमावलेलं होतं. कोणाचे कल्ले करायचे झाले तर ते आधी डावा कल्ला करत, मग उजवा. मग दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटत, मग दुसरा मिटत, आणि "अंमळ फरक राहिला" असं पुटपुटून पुन्हा डाव्यावर येत. अशा चार फेऱ्या झाल्या की कल्ले पार कानाच्या शेंड्यापर्यंत चढलेले असत. पण दोन्हीकडचे सारखे चढलेले असत. त्याबाबतीत समतोलरावांकडे कोणी बोट दाखवू शकलं नसतं.

हे वेड वडिलांकडून आलेलं. वडील नाकाच्या शेंड्यापासून दोन्ही कानांपर्यंत दोरा धरून अंतर मोजायचे आणि म्हणायचे, "माणसाचा चेहरा घाईत घडवलेला असतो बाळा. राहिलेलं काम आपल्याकडे येतं." वडील गेले, दोरा हरवला, पण ते राहिलेलं काम काही समतोलरावांचा पिच्छा सोडीना. कोणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी ते भिंतीवरची तसबीर सरळ करत. बायको आल्यागेल्याला सांगायची, "माझ्या डाव्या गालावर हा तीळ आहे ना, लग्न झाल्यावर वर्षभर हे उजव्या गालाकडे बघून उसासे टाकत होते."

आणि दुसरं म्हणजे समतोलराव भित्रे होते. साधेसुधे नव्हेत, तालेवार भित्रे. कुत्रं भुंकलं तर ते कुत्र्याच्या मालकाची माफी मागत. दार जोरात वाजलं की आधी "मी नाही" म्हणत आणि मग कडी काढत. रोज हातात वस्तरा धरणारा माणूस भित्रा असलेला बरा, असं गिऱ्हाइकांचं मत होतं, त्यामुळे धंद्याला कधी बाधा आली नाही. आली ती एकदाच, आणि ती गडगडाटामुळे.

गडगडाट म्हणजे आभाळातला नव्हे. गडगडाट हा कॉमिकमधला वीर. तीस वर्षं दर शनिवारी त्याचं पातळ रंगीत पुस्तक निघायचं, आणि ज्या पोरांनी ते भूगोलाच्या वहीत लपवून वाचलं ती आता पोट सुटलेली, कचेरीत जाणारी माणसं झाली होती. गडगडाट एरवी पुलांची तपासणी करणारा साधा कारकून. संकट आलं की निळा झगा घालून आभाळात. पण संकट आलं हे त्याला कळायचं कसं, तर मिशीवरून. त्याच्या झुपकेदार मिशीचं डावं टोक उजव्यापेक्षा चांगलं बोटभर वर होतं, आणि संकट जवळ आलं की ते टोक थरथरायचं. पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत ते टोक एकदाही खाली आलं नाही. हे साऱ्या जगाला ठाऊक होतं. समतोलरावांना नव्हतं. लहानपणी ते कॉमिक वाचायला घाबरायचे.

तर गडगडाटावर सिनेमा निघाला, आणि त्याचं चित्रीकरण शहराच्या जुन्या पुलावर सुरू व्हायचं ठरलं. पहिल्याच दिवशी सकाळी सिनेमाच्या केशरचनाकाराची दाढ सुजून गाल फुगला. गळ्यात शिट्टी अडकवलेला एक माणूस पुलावरून धावत निघाला आणि जे पहिलं सलून दिसलं त्यात शिरला. ते समतोलरावांचं होतं.

"काका, एक मिशी आहे. कडा जरा नीट करायच्यात. पाच मिनिटांचं काम."

समतोलराव घाबरून हो म्हणाले. नाही म्हणण्याचं धाडस त्यांच्यात नव्हतं. शिट्टीवाल्याने त्यांना पुलाखाली उभ्या केलेल्या एका लांबलचक गाडीत नेलं. आत खुर्चीवर नट मान मागे टाकून घोरत होता; बिचारा रात्रभर प्रवास करून आला होता. आणि त्याच्या ओठावर ती मिशी होती. सात महिने तेल लावून, कंगवा फिरवून, पाहुण्यासारखी जपलेली. समतोलरावांनी दोन पावलं मागे सरून एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. एवढा मोठा नट, आणि मिशी वाकडी. डावं टोक सरळसरळ वर. सात महिन्यांत एकाही माणसाने ह्याला सांगितलं नसावं?

विचारावं म्हणून त्यांनी बाहेर डोकावलं. शिट्टीवाला फोनवर कोणावर तरी ओरडत होता. ओरडणाऱ्या माणसाला प्रश्न विचारणं समतोलरावांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी कात्री काढली आणि डावं टोक तांदळाच्या दाण्याएवढं उतरवलं.

पुढचं काय ते ओळखायला अक्कल लागत नाही. डावं उतरवल्यावर उजवं जाड वाटू लागलं. उजवं बारीक केल्यावर डावं लांब वाटू लागलं. "अंमळ फरक राहिला" असं ते सहा वेळा म्हणाले. सातव्यांदा म्हणाले तेव्हा नटाच्या ओठावर दोन भुवया होत्या. थोड्या वेळाने दोन सुरवंट. मग दोन मुंग्या, एकमेकींकडे पाठ करून उभ्या असलेल्या, त्यातली डावी थोडी मोठी. आता मागे फिरायला वाटच नव्हती. त्यांनी वस्तरा घेतला, आणि शेवटचा हात फिरवतात न फिरवतात तोच बाहेर शिट्टी वाजली. नट दचकला, समतोलराव त्याहून दचकले, आणि डाव्या बाजूला, टोक होतं तिथेच, ओठाच्या वर एक बारीकशी चीर पडली.

समतोलरावांनी चटकन तुरटी लावली. नटाने आरशात पाहिलं. मग आरशाच्या मागे काही आहे का, तेही पाहिलं.

मग दिग्दर्शक आला. त्याने पाणी मागितलं. ते पिऊन झाल्यावर आणखी पाणी मागितलं. खोटी मिशी चिकटवून पाहिली, तर डिंकाने नटाचा ओठ सुजू लागला; कमी डिंक लावला तर वाऱ्याच्या पंख्याने मिशी उडून नदीत गेली. तासाभराने दिग्दर्शक एका खोक्यावर बसून म्हणाला, "मला हेच हवं होतं." त्याच्या तोंडाकडे पाहून तसं वाटत नव्हतं, पण सगळ्यांनी माना हलवल्या.

शिट्टीवाल्याने समतोलरावांना कोपराला धरून रस्त्यापर्यंत सोडलं. "काका, तुम्ही इथे आलाच नव्हता."

"कुठे?"

"तेच म्हणतोय मी."

ही गोष्ट समतोलरावांनी फक्त बायकोला सांगितली. बायकोने हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "निदान दोन्हीकडची सारखी तरी गेली ना?"

"गेली," समतोलराव म्हणाले. तेवढाच त्यांना आधार होता.

आठ महिन्यांनी सिनेमाची झलक सगळ्यांच्या फोनवर आली. त्या वेळी दुकानात निवृत्त गुरुजी बसले होते. गुरुजींच्या डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नव्हतं; ते रोज सकाळी यायचे ते फुकटचं वर्तमानपत्र वाचायला आणि दुसऱ्यांचे केस पडताना बघायला. त्यांनी फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरला.

"अहो समतोलराव, मिशी कुठाय?"

समतोलरावांच्या हातून कंगवा पडला. "कोणाची?"

"गडगडाटाची. सफाचट आहे हा. आमच्या वेळी असं नव्हतं हो." आणि गुरुजी वर्गात हजेरी घ्यावी तसे लोकांच्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचू लागले. "'हा गडगडाट आहे की विम्याचा एजंट?' बरोबर आहे. 'माझं अख्खं बालपण कोणीतरी भादरून टाकलं.' हं. 'मी हा सिनेमा पाहणार नाही. पाहिला तरी डोळे मिटून पाहीन.' आणि हा कोण, 'ज्याने हे केलं त्याला समोर आणा. आम्हाला त्याच्याशी फक्त बोलायचंय.' ह्याला चार हजार अंगठे आहेत."

"अंगठे म्हणजे?"

"म्हणजे चार हजार जणांना बोलायचंय."

खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा एकच कल्ला झाला होता. समतोलरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दुसरा न करताच कपडा झटकला. गिऱ्हाइकाने आरशात पाहून आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "मी नाही."

त्यानंतर समतोलरावांची भूक गेली. रस्त्याने कोणी मिशीवाला समोरून आला की ते पलीकडच्या बाजूला जात, आणि पलीकडे दुसरा मिशीवाला असला की मधोमध उभे राहत. मग दिग्दर्शकाची मुलाखत आली. त्यात त्याने म्हटलं होतं की गडगडाट आता आतून सावध झाला आहे, त्याला बाहेरच्या मिशीची गरज उरलेली नाही, हा निर्णय आपण दोन वर्षं विचार करून घेतला. समतोलरावांनी ती मुलाखत तीनदा वाचली. इतकं सुंदर खोटं बोलणाऱ्या माणसाचे पाय धरावेत असं त्यांना वाटलं. दोन दिवस ते पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवशी चित्रीकरणातल्या कोणीतरी नाव न देता लिहिलं, "कसला विचार अन् कसलं काय. पुलाजवळच्या एका सलूनवाल्याने सकाळी सकाळी मिशी उडवली, बाकी सगळी सारवासारव."

पुलाच्या आसपास अकरा सलूनं होती.

शहरात गडगडाटप्रेमी मंडळ होतं. तीनशे सभासद, आणि प्रत्येकाची मिशी डावीकडून वर. मंडळाचा अध्यक्ष टपाल कचेरीत शिक्के मारायचा, तिशीचा, शांत, कमी बोलणारा. ओरडणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, तो कुठे आहे ते कळतं. ह्या अध्यक्षाची त्या सलूनवाल्याला शोधून काढायची रीतही स्वतःसारखीच शांत होती. ती गुरुजींनी येऊन सांगितली.

"काल कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेला होता. खुर्चीत बसला, 'नीट करा' म्हणाला आणि गप्प. बाकी एक शब्द नाही. ज्याचा हात आपणहून डाव्या टोकाकडे जाईल, तो सापडला."

"मग कोपऱ्यावरच्याने काय केलं?"

"त्याने टोकाला हातही लावला नाही. त्याला कुठे काय दिसतं? गेल्या महिन्यात माझ्या मेहुण्याचा कान जरासा घेतला त्याने." गुरुजींनी पान उलटलं. "सात झाली, चार राहिली. हुशार आहे पोरगा. माझ्या वर्गात होता."

समतोलरावांनी घरी येऊन बायकोला सांगितलं. बायकोने चादरीची घडी घालता घालता विचार केला.

"दुकान चार दिवस बंद ठेवा."

"बंद दिसलं की तेच म्हणतील, हाच तो."

"मग हात लावू नका टोकाला. त्यात काय एवढं?"

समतोलरावांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. तीस वर्षांचा संसार. तिला लगेच कळलं. तिने स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ धरलं आणि चांगलं वाकडं करून ठेवलं. "बसा इथे समोर. बघत राहा. उठायचं नाही."

समतोलराव बसले. घड्याळ वाकडं, त्याचा लंबक बिचारा एका बाजूला आपटत होता. पहिल्या मिनिटाला त्यांचे तळवे ओले झाले. चौथ्या मिनिटाला गुडघा हलू लागला. बायको दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "मला ऐकू येतं त्याचं दुखतंय ते," समतोलराव म्हणाले. "घड्याळाला दुखत नाही," बायको म्हणाली. अकराव्या मिनिटाला ते उठले आणि घड्याळ सरळ करून रडवेल्या तोंडाने परत येऊन बसले. दुसऱ्या दिवशी चौदा मिनिटं निघाली. तिसऱ्या दिवशी वीस.

"दाढी-मिशीला किती वेळ लागतो?" बायकोने विचारलं.

"अठरा मिनिटं."

"झालं तर मग."

गुरुवारी सकाळी अकराला अध्यक्ष आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. गुरुजी नेमके त्याच दिवशी डोळे तपासायला गेले होते. रस्त्याच्या पलीकडे स्कूटरला टेकून मंडळाचे दोघे जण हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांच्याही मिशा डावीकडून वर. काचेतून ते समतोलरावांकडे बघत होते, आणि समतोलरावांना ते न बघताही दिसत होते.

अध्यक्ष खुर्चीत बसला. समतोलरावांनी त्याच्या गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला, तो सुटला, पुन्हा बांधला.

"काय करायचं?"

"नीट करा."

"कितपत नीट?"

"तुम्हाला वाटेल तितकं," अध्यक्ष म्हणाला, आणि त्याने डोळे उघडेच ठेवले.

समतोलरावांच्या दुकानात समोर एक आरसा होता आणि पाठीमागे एक. त्यामुळे खुर्चीत बसलेला माणूस एकटा कधीच नसायचा. त्याची रांग लागायची. आज आरशात अध्यक्षांची रांग लागली होती, एकामागे एक, पार दिसेनाशी होईपर्यंत, आणि प्रत्येक अध्यक्षाच्या मिशीचं डावं टोक वर. समतोलरावांनी फेस केला. गाल केले, हनुवटी केली, गळा केला. गळ्यावर वस्तरा असताना अध्यक्ष श्वास रोखून बसला होता, पण समतोलरावांना ते कळलं नाही. त्यांनीही रोखला होता. मिशीच्या खालच्या कडेशी कात्री आली तेव्हा त्यांनी मनात घड्याळ आणलं. वाकडं घड्याळ. आपटणारा लंबक. बारा मिनिटं. तेरा. कात्री टोकाजवळून जाताना एकदा थांबली. आरशात अध्यक्षाचे डोळे तिच्याबरोबर थांबले. समतोलरावांनी कात्री पुढे नेली.

"झालं," ते म्हणाले. त्यांचा आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला.

अध्यक्षाने उठून मिशी न्याहाळली. टोक वरच होतं. त्याने काचेबाहेर पाहून मान आडवी हलवली: इथे नाही. पलीकडच्या एकाने खिशातून कागद काढून त्यावर काहीतरी खोडलं. समतोलराव सुटले होते. त्यांनी पांढरा कपडा झटकून त्याची घडी घातली.

अध्यक्ष दाराशी गेला. दारावर हात ठेवून तो क्षणभर थांबला आणि बाहेरचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. उजेडात मिशीचं प्रत्येक टोक स्वच्छ दिसत होतं. उजवं इथे, डावं तिथे. हा माणूस असाच रस्त्याने जाणार होता. टपाल कचेरीत जाणार होता, लोकांसमोर बसणार होता, आणि हे सगळं समतोलरावांच्या हाताखालून उठून.

"थांबा," कोणीतरी म्हणालं. समतोलरावांनी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं.

"काय झालं?"

"बसा जरा."

"झालं म्हणालात ना?"

"नाही झालं. बसा."

अध्यक्ष येऊन बसला. समतोलरावांनी कपडा बांधायचीही वाट पाहिली नाही. कात्रीचा एक आवाज झाला. तांदळाच्या दाण्याएवढे केस अध्यक्षाच्या सदऱ्यावर पडले. आरशातली रांगच्या रांग समतोलरावांकडे बघू लागली.

"तुम्हीच ते," अध्यक्ष म्हणाला.

"हो."

"सात महिने वाढवली होती त्याने ती."

"मला कोणी सांगितलं नाही हो. मला वाटलं, बिचाऱ्याची वाकडी राहिलीय."

"आणि आत्ता? आत्ता तर तुम्हाला माहीत होतं मी कशाला आलोय."

"होतं."

"मी दारात होतो. सुटला होता तुम्ही. भीती नाही वाटली?"

समतोलरावांनी हात पुढे केला. कात्रीची दोन पाती एकमेकांवर वाजत होती. "वाटतेय की. पण तुम्ही तसेच जाणार होता."

अध्यक्षाने सदऱ्यावरचे केस झटकले. मग त्याने आरशात स्वतःकडे नीट पाहिलं आणि त्याचा रंग उतरला. तीन वर्षं तेल लावून वर चढवलेलं टोक खाली आलं होतं. पलीकडे दोघे उभे होते. परवा सिनेमाचा पहिला खेळ होता आणि मंडळाच्या अध्यक्षाची मिशी सरळ होती.

"सारखी तरी झाली का?" त्याने बारीक आवाजात विचारलं.

"अंमळ फरक आहे," समतोलराव म्हणाले. खोटं बोलणं त्यांना आता जमत नव्हतं.

अध्यक्षाने डोळे मिटले. "मी त्यांना जाऊन सांगू शकतो तुमचं नाव."

"हो."

"आमच्यात तीनशे जण आहेत. त्यातले दोनशे नव्वद फार चांगले आहेत."

"आणि उरलेले दहा?"

"त्यातले दोन बाहेर उभे आहेत."

समतोलरावांनी बाहेर पाहिलं नाही. रस्त्यावर कोणीतरी स्कूटरचा हॉर्न वाजवला, तेव्हा दुकानातले दोघेही एकदमच दचकले. आरशात ते दचकणं रांगेने पार शेवटपर्यंत गेलं. अध्यक्षाच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला.

"काढा," तो म्हणाला. "सगळी काढा. मी सांगेन, मीच काढायला लावली."

"विचार करा हो."

"अर्धी ठेवून तरी काय करू?"

समतोलरावांनी फेस लावला. ह्या वेळी कुठेही शिट्टी वाजली नाही. तुरटी फिरवून झाल्यावर अध्यक्ष आपल्या ओठावरून बोट फिरवत राहिला, खिशात किल्ली नसली की माणूस चाचपत राहतो तसा. मग तो उठला आणि बाहेर गेला. समतोलराव काचेमागे उभे राहिले. त्यांनी पाहिलं, की त्याला बघून पलीकडच्या दोघांच्या हाताच्या घड्या सुटल्या. एकाने दुकानाकडे बोट केलं. समतोलरावांनी भिंतीवरचा दिवा मालवला. का, ते त्यांचं त्यांना माहीत. अध्यक्ष काहीतरी म्हणाला. बोट खाली आलं. तिघे स्कूटरजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मग पायीच निघून गेले, स्कूटर ढकलत.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी बातमी आणली. मंडळ फुटलं होतं. अध्यक्षाने म्हणे जाहीर केलं होतं, की ज्याने मिशी उतरवलेली नाही त्याला मिशी नसण्याबद्दल बोलायचा हक्क नाही. आपण उतरवून पाहतो आहोत. शंभर जण त्याच्या बाजूला गेले होते, शंभर त्याच्या विरुद्ध, आणि शंभर जण दोघांनाही शिव्या देत होते. सलूनवाल्याला शोधायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. "फार विचारी पोरगा," गुरुजी म्हणाले. "भूगोलात मात्र कच्चा होता."

गुरुजी उठल्यावर दाराच्या फटीतून कोणीतरी दोन तिकिटं आत सरकवलेली दिसली. पहिल्या खेळाची. समतोलराव जाणार नव्हते. बायको म्हणाली, "चला. केलंय तर बघून तरी घ्या."

सकाळच्या खेळाला अर्ध्या लोकांनी मिशा चिकटवल्या होत्या, अर्ध्यांनी उतरवल्या होत्या, आणि दोन्ही अर्धे एकमेकांकडे खाऊ की गिळू असे बघत होते. समतोलराव तोंडावर रुमाल धरून बसले. "काढा तो," बायको कुजबुजली, "चोर दिसताय." शेजारच्या खुर्चीवर अध्यक्ष येऊन बसला. पडद्यावर नट पहिल्यांदा दिसला तेव्हा मागून इतका आरडाओरडा झाला की समतोलराव खुर्चीत खाली सरकत गेले. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले.

मग पुलाचा प्रसंग आला. पहिल्या दिवशीचं चित्रीकरण. पुलावर धो धो पाणी, नटाचा भिजलेला चेहरा जवळ येत गेला, आणखी जवळ, पडदाभर झाला. पाण्याने रंगरंगोटी धुऊन गेली होती. आणि डाव्या बाजूला, ओठाच्या वर, ती चीर. दरवाजाएवढी.

सगळं सभागृह एकदम शांत झालं.

"ए, ते बघ," मागून कोणीतरी म्हणालं. "डाव्या बाजूला."

"टोक असतं तिथेच."

पडद्यावर नटाचा ओठ नेमका तिथे थरथरला. का थरथरला ते सबंध सभागृहात एकाच माणसाला ठाऊक होतं: तुरटी झोंबत असणार. पण त्याच क्षणी पूल कोसळला, आणि सबंध सभागृहाने एकच श्वास घेतला. मिशी गेली होती, इशारा राहिला होता. कोणीतरी शिट्टी मारली, मग दहांनी मारली. चिकटवलेल्या मिशा अंधारात उडू लागल्या. एक समतोलरावांच्या मांडीवर येऊन पडली आणि ते किंचाळले, पण त्या गदारोळात कोणाला ऐकू आलं नाही.

अध्यक्षाने सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मी नाही," समतोलराव म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यांनी दुकान उघडलं तेव्हा बाहेर बारा जण उभे होते. समतोलरावांनी कडी परत लावली. बायको त्या दिवशी मुद्दाम बरोबर आली होती. तिने त्यांना बाजूला सारून दार उघडलं. पहिला माणूस खुर्चीत बसला, दांडगा, मनगट समतोलरावांच्या मांडीएवढं. गुरुवारी स्कूटरला टेकून उभ्या असलेल्या दोघांपैकीच एक.

"मिशी काढा काका," तो म्हणाला. "आणि इथे ती खूण पाहिजे. सिनेमातल्यासारखी."

"खूण?"

"डावीकडे. अध्यक्ष म्हणाला, हे काम सबंध शहरात तुम्हालाच जमेल."

समतोलरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने पिशवीतून लाल पेन्सिल काढून दिली. त्यांनी मिशी उतरवली, दोन्हीकडून सारखी. मग पेन्सिलीने डाव्या बाजूला एक बारीक रेघ ओढली. ती चांगली उमटली. ते दोन पावलं मागे सरले. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटला. आरशात दांडग्या माणसांची रांग त्यांच्याकडे बघत होती, प्रत्येकाच्या डावीकडे रेघ, उजवीकडे काही नाही. काहीच नाही.

पेन्सिल हळूहळू वर येऊ लागली.

"अहो," बायको दाराजवळून म्हणाली. "हात खाली."

समतोलरावांनी हात खाली घेतला. बाहेर अजून अकरा जण होते.